सत्तावीस नंबरची ओळ

सोमवारी सकाळी सव्वानऊला अंबाजी बसवकल्याणहून आलेल्या बसमधून गुलबर्गा विद्यापीठाच्या फाटकापाशी उतरला आणि नेहमीप्रमाणे वनस्पतिशास्त्र विभागाला वळसा घालून मागच्या बाजूला गेला. कडुलिंबाच्या अलीकडे त्यानं सवयीनं उजवा पाय जरा उंच उचलला, बांध ओलांडायला, आणि तो पाय सपाट जमिनीवर आदळला. गुडघ्यापर्यंत झिणझिण्या आल्या. बांध नव्हता. त्याला आधी वाटलं, आपण चुकून शेजारच्या रसायनशास्त्राच्या मागं आलोय, प्रवासात डोकं धरलंय, कमलापूरपर्यंत उभं राहूनच यावं लागलं होतं. पण कडुलिंब तोच होता, त्याच्या बुंध्याला त्यानंच खिळ्यानं ठोकलेला पत्र्याचा तुकडाही तोच होता. फक्त वाफा नव्हता. तुरीच्या छातीएवढ्या ओळी नव्हत्या. रोलर फिरवून चापून बसवलेली काळी जमीन होती आणि तिच्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या, दोन दोन रेघांच्या मध्ये एक मोटार मावेल एवढी जागा सोडून. कुंपणाच्या कोपऱ्यात राखेचा ढीग होता. ढिगाला अजून ऊब होती. त्यानं हात घातला तेव्हा कळली.

विभागाचा शिपाई गुरप्पा पाठीमागं येऊन उभा राहिला होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा हात पुढं बांधून उभा. "काल ट्रॅक्टर आनलता, सर," तो म्हणाला. "ऐतवार म्हून म्या नव्हतो. वाचमननं सांगितलं सकाळी. मला वाटलं तुमाला इचारूनच करायलेत."

"शेंगा?" अंबाजीनं विचारलं.

"समद्या तुराट्या एका जागी केल्ते म्हनं. शेंगांसकट. मग पेटवल्या."

अंबाजीनं मान हलवली, जणू एखाद्या विद्यार्थ्यानं बरोबर उत्तर दिलं होतं. आत कुठंतरी काहीतरी ओरडायला पाहिजे होतं आणि ते ओरडत नव्हतं, याचंच त्याला भय वाटलं. सहा वर्षं. ह्या जागेत त्यानं सहा वर्षं एक आजार वाढवला होता. तुरीची मर. जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतात उभं हिरवं झाड आठवड्याभरात पिवळं पडतं, मान टाकतं, जागच्या जागी वाळतं. खोड मधून चिरलं की आत काळी रेघ दिसते, मुळापासून वर चढलेली. बुरशी मातीत असते. फवारणीनं मरत नाही, नांगरणीनं जात नाही. म्हणून ती न लागणारी तूर शोधायची, आणि ती शोधायची तर आधी अशी माती तयार करायची की जिच्यात कुठलीही तूर जगणार नाही. त्यानं ती केली होती. दर वर्षी मेलेली झाडं उपटायची, विळ्यानं बारीक चिरायची आणि त्याच मातीत गाडायची. पहिल्या वर्षी निम्मी झाडं मेली, तिसऱ्या वर्षी शंभरातली नव्वद, पाचव्या वर्षी आसपासच्या दोन जिल्ह्यांतून गोळा केलेल्या एकशे चाळीस वाणांपैकी एकशे एकोणचाळीस. उरली ती सत्तावीस नंबरची ओळ. यंदा तिचीच चार तुकड्यांत पेरणी होती, शेवटची खात्री करायची म्हणून, आणि शनिवारी दुपारी तो बायकोकडं बसवकल्याणला गेला तेव्हा सगळी झाडं उभी होती, शेंगा भरल्या होत्या, दाण्याचा हिरवेपणा जायला फार तर आठ दिवस लागले असते. आठ दिवस, असं तो मनातल्या मनात म्हणत राहिला. आठवडा नाही, पंधरवडा नाही, आठ दिवस.

विभागप्रमुख उद्धवरावांच्या खोलीत त्या दिवशी रंगाचा वास होता. भिंती नव्यानं रंगवल्या होत्या. समिती गुरुवारी येणार होती, दिल्लीहून, विभागाला पुढची पाच वर्षं काय द्यायचं ते ठरवायला. उद्धवराव हुमनाबादकडचे, बोलायला मऊ, कधी कुणाचा अपमान केला असं ऐकिवात नाही. अंबाजीची पीएच.डी. त्यांच्याच हाताखाली झालेली. त्यांनीच त्याला नंतर फेलोशिप मिळवून दिली, तीन वर्षांची, मग ती संपल्यावर आणखी तीन वर्षांची. सर म्हणायचे, "तू विभागाचा नोकर नाहीस अंबाजी, तू विभागाचा प्राण आहेस." हे ऐकून पहिल्या वर्षी त्याच्या अंगावर काटा आला होता. चौथ्या वर्षी, नोकरीच्या तिसऱ्या मुलाखतीतून रिकाम्या हातानं परतल्यावर तेच ऐकलं, तेव्हा त्याला वाटलं, नोकर असतो तर बरं झालं असतं. नोकराचं हजेरीपटावर नाव असतं.

"बस," सर म्हणाले. "चेहरा का असा?"

"सर, वाफा."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हां. बांधकामवाल्यांचं पत्र आलं होतं, डिसेंबरात. नऊ-दहा गाड्या येणार, त्या लावायच्या कुठं? मी सही केली."

"तूर उभी होती, सर. शेंगा होत्या."

"होत्या का?" सर खरोखर चकित झाले. "अरे, मला वाटलं तुझं आटोपलं. एकतीस मार्चला तुझी मुदत संपते ना? मी समजलो, तुझ्याबरोबर तेही संपलं."

ते इतक्या सहज, इतक्या काळजीच्या सुरात म्हणाले, की अंबाजीला त्यांचा राग करणं जमेना. तो त्यांच्या चष्म्याकडं बघत राहिला. काचेत खिडकी उलटी दिसत होती. सर पुढं म्हणाले, बी तर असेलच तुझ्याकडं राखून ठेवलेलं, पुढं कुणीतरी करील. आणि मग टेबलावरचा एक टंकलिखित कागद त्याच्याकडं सरकवला. "आता ऐक. अहवालात एक परिच्छेद कमी पडतोय. ह्या वेळी त्यांनी नवीनच रकाना घातलाय. पीएच.डी. झाल्यावर विद्यापीठात राहून काम करणाऱ्या संशोधकांचं विभागाच्या संशोधनाला योगदान. आपल्याकडं तूच आहेस तसा. तेव्हा तूच लिही. दोनशे शब्द. कौतुकाचं लिही बरं का, हात आखडू नकोस."

"बरं," अंबाजी म्हणाला. आपण 'बरं' म्हणालो हे त्याला जिना उतरताना समजलं.

बी राखून ठेवलेलं होतं. मूठभर, खाकी पुडीत, प्रयोगशाळेच्या कपाटात खालच्या खणात. चार तुकड्यांत पेरायचं म्हणून गेल्या जूनमध्ये बहुतेक सगळं वापरलं होतं, पण ही पुडी त्यानं बाजूला काढली होती आणि तेव्हा स्वतःच्या शहाणपणाचं कौतुकही केलं होतं. जिन्यावरून प्रयोगशाळेपर्यंतची तीस-पस्तीस पावलं तो जवळजवळ धावत गेला. पुडी हाताला हलकी लागली. उघडली तर पिठूळ भुगा आणि भोकं पडलेली टरफलं, आणि त्यांच्यात एक तपकिरी भुंगा, उजेड लागल्यावर आळसावल्यासारखा चालायला लागलेला. डांबरगोळ्या ऑक्टोबरातच संपल्या होत्या. मागणीपत्र लिहायचं राहिलं होतं. ऑक्टोबरात दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध टंकलेखनाला गेले होते आणि तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांची इंग्रजी वाक्यं सरळ करत बसला होता. दुसऱ्याची वाक्यं, दुसऱ्याचे तक्ते, दुसऱ्याच्या संदर्भांची यादी. त्यानं एकेक दाणा चिमटीत धरून उजेडासमोर बघितला. प्रत्येकाला गोल, स्वच्छ, टोच्यानं पाडावं तसं भोक होतं. एकही शाबूत नव्हता. सरांनी सही केली, ट्रॅक्टरवाल्यानं नांगर घातला, पण ही पुडी कुणी घालवली?

ती पुडी समोर ठेवून तो परिच्छेद लिहायला बसला. पहिलं वाक्य सहज आलं: विभागाच्या संशोधनात अशा संशोधकांचा मोलाचा वाटा आहे. मग पेन थांबलं. वाटा म्हणजे काय? त्याच्या डोळ्यांसमोर जे आलं ते लिहिण्यासारखं नव्हतं. निर्जंतुक करायच्या यंत्राच्या झाकणाचं रबर फाटलं तेव्हा त्यानं बस डेपोजवळच्या टायरवाल्याकडून ट्यूब आणून ते कापून बसवलं होतं, आणि त्या ट्यूबवर विभाग दोन वर्षं चालला होता. बुरशी वाढवायला बटाट्याचा काढा लागतो. बटाटे तो स्वतः बाजारातून निवडून आणायचा, कारण कोंब आलेला एक बटाटा गेला तरी सगळ्या नळ्या वाया जात. शुक्रवारची अकराची बैठक त्यानंच सुरू केली होती. दर शुक्रवारी एकानं बाहेरच्या नियतकालिकातला एक लेख वाचून सांगायचा. आळंद, भालकी, औरादकडून आलेली पोरं, इंग्रजी वाक्य म्हटलं की घशाला कोरड पडायची. मग तो अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात, अडलं तर दख्खनी हिंदीत समजावायचा आणि म्हणायचा, हे ज्यानं लिहिलंय त्यालाही चुकायचं भय होतं, बघा, इथं दिसतंय. हे म्हटल्यावर ती हसायची. हळूहळू ती लेखात चुका शोधायला लागली. एकदा त्यांच्यातल्या निलम्मानं एका मोठ्या माणसाच्या तक्त्यातली बेरीज चुकलेली दाखवली होती. त्या दिवशी तो खोलीवर जाताना सायकलवर शीळ घालत गेला होता. ती शीळ दोनशे शब्दांत कुठं बसवायची?

मग आई आठवली. सावित्रीबाई, चिटगुप्प्याच्या बाजारात चिंचेच्या पाट्या घेऊन बसणारी. पीएच.डी. झाल्याचा पेढा तिच्या हातावर ठेवला तेव्हा ती म्हणाली होती, "झाली न्हवं सगळी परीक्षा? आता काय ऱ्हायलं?" त्यानं सांगितलं, आता तिथंच संशोधन करायलोय. "म्हंजे मास्तर झालास?" नाही. "मग आनि शिकायलास?" तसंही नाही. छप्पन सालानंतर नवऱ्यानं घरातले देव उचलून नदीत सोडले आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, तेव्हापासून शिकणं ह्या गोष्टीवर तिचा दुसऱ्या कशावर नव्हता इतका विश्वास होता, आणि त्या विश्वासात हा मधला प्रकार कुठं बसत नव्हता. शेवटी ती म्हणाली, "मंजी दारात हुबा हायीस. आत बी न्हाई, भाईर बी न्हाई." तिला टोमणा मारायचा नव्हता, फक्त नीट समजून घ्यायचं होतं. काल रविवारी बायकोनं, विमलनं, बसवकल्याणच्या शाळेत ती शिकवते तिथल्या वह्या तपासता तपासता मान वर न करता विचारलं होतं, "एप्रिलपासून काय?" आणि त्यानं म्हटलं होतं, "तूर लागू दे हाती. तुरीचा लेख निघाला की बघ." तो हे म्हणत होता त्याच वेळी इकडं ट्रॅक्टर फिरत असणार. सोमवारच्या त्या दुपारी बाकावर बसून त्यानं वेळ जुळवून बघितली. साधारण तीच वेळ. आपल्याला चिरलं तर आत काळी रेघ निघेल, असा विचार त्याच्या मनात आला आणि तो त्याला नाटकी वाटला, आणि नाटकी वाटूनही गेला नाही.

निलम्मा आत आली तेव्हा तो तसाच बसला होता. आळंदची, लिंगायत घरातली, घरात कन्नड बोलणारी आणि त्याच्याशी मराठी. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. ती त्याला सर म्हणत नसे, अण्णा म्हणायची. तिनं मागं जाऊन बघितलं होतं, तिच्या चपलांना राख लागलेली होती.

"अण्णा, तुमी सरांना काय म्हटलाव?"

"बरं म्हटलं."

"कामून? कामून भांडला न्हाई तुमी?" तिचा आवाज चढला. "माझी बेरीज चुकली तरी भांडता, मग आता कामून गप बसलाव?"

भांडायला पाय रोवून उभं राहावं लागतं, आणि त्याच्या पायाखाली काय होतं? त्याचं टेबल दुसऱ्याच्या नावावर होतं. कपाटाची किल्ली गुरप्पाच्या नावावर. ज्यात त्यानं दिवस न् दिवस घातले त्या जमिनीच्या तुकड्याचा कुठल्याही कागदावर उल्लेख नव्हता, म्हणून तो बांधकामवाल्यांना रिकामा दिसला, आणि एका अर्थी त्यांचं खरंच होतं. हे सगळं तो तिला सांगणार होता. पण तिच्याही पुढं हाच दरवाजा होता, सहा महिन्यांनी. तो एवढंच म्हणाला, "तू शेवटचं प्रकरण आण उद्या." ती रडत गेली. मग त्यानं परिच्छेद लिहिला. एका बैठकीत, न खोडता. पाण्यासारखा लिहिला. पीएच.डी. संपल्यावरही जे विद्यापीठ सोडत नाहीत त्यांच्यामुळं प्रयोगशाळेला आठवण राहते. प्राध्यापक बदलतात, विद्यार्थी येतात-जातात, पण यंत्र कसं चालतं, मागल्या वेळी काय फसलं, कुठल्या प्रश्नाला अजून उत्तर नाही, हे त्यांच्याजवळ राहतं. नव्यांना प्रश्न विचारायचं धाडस तेच देतात. असं एकशे अठ्ठ्याण्णव शब्द. त्यात त्याचं नाव नव्हतं आणि तुरीचाही उल्लेख नव्हता. लिहून झाल्यावर वाचताना त्याला वाटलं, हा माणूस फार चांगला आहे, ह्याला ओळखायला हवं होतं.

गुरुवारी गाड्या आल्या. स्लाइड दाखवायच्या यंत्रापाशी त्याला उभं केलं होतं, कारण ते यंत्र मधेच अडकतं आणि कुठं थोपटलं की सुटतं हे त्यालाच ठाऊक होतं. खोलीत अंधार होता. समितीचे अध्यक्ष वयस्कर, पांढऱ्या केसांचे, शेवटी दिवे लावल्यावर अहवालाचं पान उलटून म्हणाले की ह्या अहवालातली सर्वांत चांगली गोष्ट त्यांना एका परिच्छेदात सापडली. आणि त्यांनी तो इंग्रजीत भाषांतर केलेला परिच्छेद सगळाच्या सगळा, थांबत थांबत, वाचून दाखवला. मग विचारलं, हा कोणाबद्दल आहे? उद्धवराव उठले. अंबाजीला वाटलं, ते काहीतरी मोघम बोलतील. पण ते दारापाशी यंत्राच्या तारेत पाय अडकवून उभ्या असलेल्या त्याच्याकडं आले, त्याचा हात धरून त्याला पुढं घेऊन गेले, आणि त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. "हा अंबाजी," ते म्हणाले. "गेली सहा वर्षं हा विभाग ह्याच्या खांद्यावर उभा आहे." अध्यक्षांसाठी आणलेला एक हार जास्तीचा होता, तो त्याच्या गळ्यात पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या ओळीतून त्याचे विद्यार्थी तर थांबेनातच. आणि अंबाजीला आनंद झाला. नुसता आनंद नाही, तर छाती भरून, लहान मुलासारखा. त्या क्षणी त्यानं सरांना माफ केलं, ट्रॅक्टरवाल्याला माफ केलं, भुंग्याला माफ केलं. एवढंच हवं होतं आपल्याला, असं त्याला वाटलं, एवढंसंच. टाळ्या थांबल्या. अध्यक्षांनी त्याचा हात दाबून विचारलं, सध्या काय चाललंय काम? त्यानं तोंड उघडलं, खिडकीतून बाहेर बघितलं. राखाडी रंगाची एक लांबलचक गाडी कडुलिंबापासून तिसऱ्या जागेवर उभी होती, आणि तिच्या मागच्या चाकांखाली सत्तावीस नंबरचा पहिला तुकडा होता. "सध्या काही नाही, सर," तो म्हणाला. अध्यक्ष हसून पुढं सरकले. पुढं चहा होता.

तो चहाला थांबला नाही. हार गुरप्पाच्या हातात देऊन चालत स्टँडवर गेला आणि आळंदच्या गाडीत बसला, आळंदहून मादन हिप्परग्याच्या. उशिरा का होईना, त्याच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली होती: सत्तावीस नंबरचं बी जिथून आलं तिथं ते असणारच. सहा वर्षांमागं गावोगाव फिरून वाण गोळा करताना ह्या गावात चन्नव्वा नावाची म्हातारी भेटली होती. गावात सगळ्यांची तूर मेलेली आणि हिच्या परसातली तेवढी उभी. तिनं ओट्यावर बसवलं, कोणाचा कोण विचारलं. त्यानं गावाचं नाव सांगितलं आणि मग, लपवण्यात अर्थ नव्हता म्हणून, बौद्ध आहे म्हणून सांगितलं. म्हातारी उठली. आत गेली. तो उठून निघण्याच्या बेतात असताना ती गाडगं घेऊन आली, त्यातून मूठ भरली आणि वरून न टाकता त्याच्या तळहातावर मूठच टेकवली, दाबली, आणि मग उघडली. "ही मरत न्हाई," ती म्हणाली. "माझ्या आईची हाय. काय व्हतंय ते मला येऊन सांग मात्र." येतो म्हणाला होता तो. दर वर्षी शेंगा धरल्या की जायचं ठरवायचा. दर वर्षी कुणाचातरी प्रबंध यायचा. खिडकीबाहेर दोन्ही अंगांना तुरीची रानं मागं पळत होती, कुठं पिवळी, कुठं जागोजाग वाळलेली, आणि तो मनाशी मोजत होता: मूठभर मिळालं तरी पुरे. जूनमध्ये कुठंही लावू. बसवकल्याणात शाळेच्या मागं लावू. माती पुन्हा तयार करावी लागेल, सहा वर्षं लागतील. चव्वेचाळीस वर्षांचे होऊ आपण. होईना का.

घर तेच होतं. दारात पस्तिशीची बाई सुपात काही पाखडत बसली होती. त्यानं चन्नव्वा विचारली.

"अत्ती गेली की," बाई म्हणाली. "दिवाळीच्या आदी. म्या सून, भागम्मा. तुमी कोन?"

त्यानं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि त्याच्याकडं नीट बघितलं. "गुलबर्ग्याचे? तुरीचे सायेब? आत्ता आलाव व्हय!" ती उठली, त्याला आत बोलावलं, पाण्याचा तांब्या दिला. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नवल होतं. "लई वाट बघितली अत्तीनं तुमची. परसातली तूर मोडली तरी एक गाडगं भरून बी ठिवलतं. कुनाला हात लावू द्यायची न्हाई. गुलबर्ग्याचा येनार हाय, त्याला द्यायचंय, म्हनायची. आमाला दाळीला बी दिली न्हाई कदी."

"ते गाडगं," अंबाजी म्हणाला. "ते आहे का?"

भागम्मानं कोनाड्यातलं गाडगं काढून त्याच्यापुढं तिरकं केलं. तळाला थोडी माती होती, बी टिकावं म्हणून मिसळलेली. "अत्ती गेल्यावर कुनासाटी ठिवायचं? यंदा घरात दाळ न्हवती. संक्रांतीपासून भरडायलाव. शेवटची परवा भरडली." त्याच्या चेहऱ्याकडं बघून ती घाबरली. "तुमी येनार हे आमाला काय ठाव, सायेब? सा वरसं झाली."

तो भिंतीला टेकून खाली बसला. मातीत बोट फिरवलं. एकदा, दोनदा. काही नव्हतं. बाहेर कुणीतरी बैलाला हाकलत होतं आणि त्या आवाजाकडं तो असा कान लावून राहिला की जणू त्यातून काही सांगितलं जाणार होतं. भागम्मा मध्येच आत गेली होती. परत आली तेव्हा तिच्या हातात ताट होतं. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि वाटीभर घट्ट पिवळी दाळ.

"सकाळपासून काय खाल्लेलं दिसत न्हाई तुमी," ती म्हणाली. "जेवा. तीच हाय. तुमचीच म्हना की."

त्याला वाटलं, हे आपल्या घशाखाली उतरणार नाही. पण त्यानं खरंच सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि पहिला घास गेल्यावर दुसरा आपोआप गेला. दाळ मऊ होती, गोडसर, सोडा न घालता शिजलेली. सहा वर्षं त्यानं ह्या तुरीची मुळं चिरली होती, खोडं मोजली होती, शेंगांचं वजन केलं होतं. चव त्याला माहीत नव्हती. तो खात होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भागम्माला ते ठेच्यानं आलेलं वाटलं आणि तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

मग ती समोर बसली, पदर सावरत. "एक इचारू का सायेब? अत्ती म्हनायची, तुमी कागदात लिवनार हाय. छापून येतंय म्हनं. तिचं नाव आलं का त्यात?"

त्यानं घास गिळला. गेल्या वर्षी एक छोटा लेख छापून आला होता, सरांचं नाव पहिलं, त्याचं दुसरं. आपलं नाव दुसरं आलं म्हणून तो आठवडाभर नीट जेवला नव्हता. तक्त्यात लिहिलं होतं: क्रमांक सत्तावीस, स्थानिक वाण, आळंद तालुका. ते त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. त्या रकान्यात भरपूर जागा होती.

"न्हाई," तो म्हणाला. कितीतरी वर्षांनी तो आईशी बोलावं तसं बोलला. "म्या लिवलं न्हाई."

भागम्मानं त्याच्या रिकाम्या वाटीकडं बघितलं.

"आनि घालू का?"

"घाला," अंबाजी म्हणाला आणि वाटी पुढं केली.